कल्पनेतले राक्षस रंगवून घर चालतं का? (फ्राझेटा, चितारओळ आणि माझी भाची)

पळसफूल | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज सकाळी भाचीसोबत सीताबर्डीला गेले होते. फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळता चाळता तिने एक इंग्रजी पेपरबॅक उचललं. पानं पिवळी पडलेली, कडा हात लावला की झडत होत्या. मी म्हटलं, अगं हे वाचताना हातात चुरा होईल. ती म्हणाली, "वाचायचंय कोणाला आत्या, मुखपृष्ठ बघ."

प्रेतांच्या ढिगावर एक दणकट, उघडाबंब माणूस उभा आहे. तलवारीच्या मुठीवर हात. पायाशी एक बाई. मागे तांबूस धूर. साठ रुपयांत घेतलं. घरी आल्यावर पोरगी जेवायची थांबली, भिंग घेऊन खिडकीत बसली. थोड्या वेळाने मला बोलावून म्हणाली, "ह्याने पाठीमागे काही काढलेलंच नाहीये गं. नुसते फराटे आहेत. तरी मला तिथे कवट्या दिसतात."

चित्रकाराचं नाव फ्रँक फ्राझेटा. मला त्याची काहीच माहिती नाही.

भाची इथेच चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला असलीच चित्रं काढायची असतात. पंख असलेला रानगवा, अंबाझरीच्या पाण्यातून वर येणारी खवल्यांची बाई, असं काहीबाही. हात चांगला आहे तिचा, हे मी आत्या म्हणून सांगत नाही. माझ्या भावालाही ते कळतं, पण त्याला काळजी लागून राहिली आहे. "हे विकत घेणार कोण? ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका कर, शाळेत लाग, मग काढ काय काढायचं ते," असं त्याचं म्हणणं.

त्यातच तिला पहिलं काम आलंय. मुलांच्या एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. पैसे थोडे आहेत, पण ते ठीक. अट अशी की मूळ चित्र त्यांच्याकडेच राहील. ती अडून बसली आहे. मी तिला म्हटलं, पहिलंच काम आहे, देऊन टाक की, तू दुसरं काढशील.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ह्या फ्राझेटाचं आयुष्य कसं गेलं? दोन, अशा चित्रांवर नागपुरात बसून पोट भरता येतं का? खरं काय ते सांगा, धीर देण्यासाठी लिहू नका.

———

संत्रानगरी | रविवार, रात्री ९.५२

पोरीला माझा नमस्कार सांगा. मुखपृष्ठासाठी पुस्तक घेणारी माणसं अजून आहेत तर!

———

तर्रीवाला | रविवार, रात्री १०.०५

बाप्पा! साठ रुपयात? मी हॉस्टेलात होतो तवा माह्या पार्टनरच्या भिंतीवर ह्याच माणसाचं पोस्टर होतं. काळा घोडा, शिंगाचं टोप घातलेला स्वार, हातात कुऱ्हाड. रात्री लाईट गेली की त्याच्याकडे पाहाले भेव लागे. नाव मले आज समजलं.

———

जुनाबाजार | रविवार, रात्री ११.३०

तर्रीवाला, तो 'डेथ डीलर'. १९७३ चं चित्र. टोपाच्या सावलीत चेहरा पूर्ण बुडालेला आहे, त्यामुळे भीती तुमची तुम्हीच भरता.

पळसफूलताई, तुमच्या हातात बहुतेक १९६६ चं, कॉनन ह्या रानटी योद्ध्याच्या कथांचं पुस्तक आलंय. मी तीस वर्षं ही मुखपृष्ठं जमवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्राझेटाचा जन्म ९ फेब्रुवारी १९२८, न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. घर इटालियन, तीन बहिणींत हा एकटा भाऊ. पोराचा हात बघून आठव्या वर्षीच त्याला एका छोट्या कलाशाळेत घातलं. तिथे मिकेले फलांगा नावाचे इटालियन मास्तर होते. ह्याला पुढे शिकायला इटलीला पाठवायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधीच ते वारले. सोळाव्या वर्षी हा कॉमिक्सच्या कामाला लागला.

त्या दिवसांतली एक गोष्ट तो स्वतः सांगायचा. तिथल्या एका वरिष्ठाने त्याला म्हटलं, तुझी शरीररचना कच्ची आहे, आणि हातात शरीरशास्त्राचं एक पुस्तक दिलं. ह्याने रात्रभर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं उतरवून काढलं आणि सकाळी जाऊन सांगितलं, "आता येतं मला." ते गृहस्थ हसले. भाचीला ही गोष्ट जरूर सांगा. एका रात्रीत शरीर कळत नाही, पण रात्रभर बसायची तयारी लागते.

पुढे १९५४ ते १९६१ तो दुसऱ्याच्या नावाने छापल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय चित्रमालिकेवर राबला. तिथून बाहेर पडला तेव्हा कामच मिळेना. संपादक म्हणायचे, तुझी धाटणी जुनी झाली. बायको होती, मुलं लहान होती. वय तेहेतीस.

मग १९६४ मध्ये एका विनोदी मासिकासाठी त्याने बीटल्समधल्या रिंगो स्टारचं एक अर्कचित्र रंगवलं. ते पाहून सिनेमावाल्यांनी पोस्टरचं काम दिलं. एका दुपारच्या कामाचे पैसे त्याच्या वर्षभराच्या कमाईएवढे होते! त्यानंतर १९६६ मध्ये कॉननची पेपरबॅक्स आली. त्या कथा १९३० च्या दशकातल्या. लेखक १९३६ मध्येच वारलेला, वाचक विसरत चाललेले. ह्याच्या मुखपृष्ठांनी त्या लाखांनी खपवल्या. त्याच वर्षी त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या भाचीच्या हट्टाबद्दल. फ्राझेटाने मूळ चित्रं परत मागायला सुरुवात केली. छपाईपुरतं चित्र घ्या, छापून झालं की माझं मला द्या. त्या काळात प्रकाशकांच्या गोदामात मूळ चित्रं धूळ खात पडायची, कोणी घरी न्यायचं, काही फेकली जायची. ह्याने आपली सांभाळली. कित्येक चित्रं परत आल्यावर पुन्हा रंगवली, चेहरे बदलले. पुढे त्याच चित्रांची पोस्टरं निघाली. १९७५ पासून संग्रहाची पुस्तकं निघाली. हा सगळा व्यवहार त्याची बायको एली बघायची. चित्र भिंतीवरच नसतं तर ती विकणार काय होती?

२००९ मध्ये त्यातलं एक चित्र १० लाख डॉलरला गेलं. तो गेल्यावर, २०१९ मध्ये 'इजिप्शियन क्वीन' ५४ लाख डॉलरला आणि २०२३ मध्ये 'डार्क किंग्डम' ६० लाख डॉलरला. 'इजिप्शियन क्वीन' हे १९६९ च्या एका भयकथा मासिकाचं मुखपृष्ठ होतं. मासिक वाचून लोकांनी रद्दीत दिलं.

———

संत्रानगरी | रविवार, रात्री ११.४१

'पुन्हा रंगवली' हे वाचून थांबलोच. छापून झालेलं चित्र कोण पुन्हा हातात घेतं!

———

महालकर | सोमवार, सकाळी ७.१०

जुनाबाजार, माहिती फार चांगली. पण पळसफूल, ह्या विषयासाठी मुलीला ब्रुकलिनला नेण्याआधी महालात आणा. आपली चितारओळ, मूर्तिकार-चिताऱ्यांची गल्ली, काय आहे मग?

माझं लहानपण त्या गल्लीच्या मागच्या घरात गेलं. शाळा सुटली की दप्तरासकट तिथे. गणपतीचे दिवस जवळ आले की गल्लीत ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास भरून राहायचा. एक म्हातारे मूर्तिकार होते. डोळ्यांची आखणी तेवढी ते स्वतः करायचे, मुलांना हात लावू देत नसत. ब्रश बुडवायचे, कडेला निथळवायचे, आणि रेघ ओढताना श्वास धरायचे. आम्ही पोरंही धरायचो. एका दमात वरची पापणी.

आणि मारबत! राक्षसिणीचा भलामोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात तेव्हा, ह्या दोघी आणि सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर तरट, कागद, लगदा, रंग. बाहेर आलेले दात, लोंबणारी जीभ. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं गाव तिच्यामागे. संध्याकाळी जाळून टाकायची. दरवर्षी नवी करायची. कल्पनेतला राक्षस रंगवणारी माणसं आपल्याकडे सव्वाशेहून जास्त वर्षं रस्त्यावर काम करताहेत, आणि आपण विचारतो की नागपुरात हे चालतं का!

एकदा मी एका कारागिराला विचारलं होतं, हे भयंकर नाक तुम्हाला सुचतं कसं? तो म्हणाला, "समोरच्या धान्यवाल्याचं हाय. जरा मोठं केलं." मला वाटतं सगळं गुपित त्यात आहे. राक्षस हवेतून येत नाही, तो ओळखीच्या माणसावर चढवावा लागतो.

———

तर्रीवाला | सोमवार, सकाळी ८.२२

महालकर काका, त्या धान्यवाल्याले माहीत होतं काय पण? 😄

———

महालकर | सोमवार, सकाळी ८.४०

होतं की. मिरवणुकीत सगळ्यांना बोट दाखवून सांगायचा, माझं नाक आहे ते!

———

चांदोबावाली | सोमवार, सकाळी ११.१५

महालकरांना अनुमोदन, आणि माझ्याकडून आणखी एक नाव. 'चांदोबा' वाचून वाढलेल्यांनी डोळे मिटावेत. मसणवट्यातून राजा चाललाय, हातात नंगी तलवार, खांद्यावर वेताळाचं प्रेत. दिसलं ना? ते चित्र शंकर ह्यांचं. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. मद्रासच्या कला महाविद्यालयात शिकलेले. मराठीत 'चांदोबा' १९५२ मध्ये आला, आणि शंकरही त्याच सुमाराला मासिकात दाखल झाले. जवळजवळ साठ वर्षं त्यांनी तिथे चित्रं काढली. २०२० मध्ये ते गेले, २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

त्या चित्रातली राजाची मान बघा. खांद्यावर अख्खं प्रेत आहे आणि मान ताठ. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ उडून जाणार आणि राजा परत झाडाकडे जाणार, हे त्या मानेवरूनच कळतं. मी आठ वर्षांची असताना वर्धा रोडवरच्या आमच्या घरी ते पान उघडं ठेवून झोपायचे, मिटलं तर वेताळ आत अडकेल म्हणून.

पण ते पगारी चित्रकार होते. फ्राझेटासारखी चित्रं परत मागून त्यांचा बाजार उभा करणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. दोघांतला हा फरक मला फार लागतो.

———

निशिगंध | सोमवार, दुपारी १.३०

सगळे कौतुक करताहेत म्हणून वेगळं लिहिते. मी काल रात्री फ्राझेटाची पन्नासेक चित्रं पाहिली. हात विलक्षण आहे, वाद नाही. पण बाई बघावी तर पायाशी, नाहीतर साखळीत, नाहीतर वाघाशेजारी कमीत कमी कपड्यांत. पुरुषाच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत, त्याच्यामागे गोष्ट आहे. बाईला मात्र नुसतं अंग. एकवीस वर्षांच्या मुलीने ह्याला गुरू मानायचं तर हे कोणीतरी तिला बोलून दाखवायला हवं.

———

जुनाबाजार | सोमवार, दुपारी २.०५

निशिगंध, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तीस वर्षं ही पुस्तकं मी बैठकीच्या खोलीत न ठेवता आतल्या कपाटात ठेवतो, त्यामागे हेच कारण आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिनेही हाच प्रश्न विचारला होता. ती मुखपृष्ठं ज्या वाचकाला विकायची होती तो तरुण पुरुष होता, हे त्यामागचं कारण असेल. पण कारण कळलं म्हणून चित्रातली बाई उठून उभी राहत नाही. काही चित्रांत तिच्याकडे सत्ता आहे, 'इजिप्शियन क्वीन'मध्ये आहे, पण ती मोजकी.

———

जलरंग | सोमवार, रात्री ८.५०

मी चित्रं काढतो आणि शिकवतोही. भाचीने भिंगातून जे पाहिलं त्याबद्दल लिहितो, कारण तिने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

त्याची पार्श्वभूमी बहुतेक पातळ रंगाची असते. टर्पेंटाइनने सैल केलेला तपकिरी, तांबूस रंग बोर्डावर फासायचा, चिंधीने पुसायचा, कुठे ब्रशच्या मागच्या टोकाने ओरबाडायचा. ह्यात आकार आपोआप दिसू लागतात, भिंतीवरच्या ओलीत चेहरे दिसतात तसे. मग जिथे डोळा न्यायचाय तिथेच जाड, अपारदर्शक रंग. खांद्यावरची चमक, तलवारीच्या मुठीवरचा एक ठिपका, बस. बाकी कडा हरवलेल्या. आपण चित्र बघतो तेव्हा तेवढा खांदा स्पष्ट दिसतो आणि मन म्हणतं, म्हणजे सगळंच असं बारकाईने काढलेलं असणार. त्या कवट्या पळसफूलताईंच्या भाचीने स्वतः काढल्या आहेत.

माझे विद्यार्थी नेमकं उलटं करतात. ड्रॅगनचा प्रत्येक खवला. शेपटीपर्यंत येता येता ड्रॅगन मेलेला असतो.

दुसरं म्हणजे वजन. त्याचा माणूस जमिनीवर उभा असतो. एका पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर, दुसरा खांदा खाली. तो बहुतेक वेळा कोणाला समोर बसवून काढत नसे. म्हणजे हे सगळं आधी बघून अंगात मुरलेलं होतं. स्वतः तो उत्तम बेसबॉल खेळायचा. व्यावसायिक संघाकडून बोलावणंही आलं होतं म्हणतात. अंग कसं वळतं हे त्याला अंगातून माहीत होतं. भाचीला सांगा, पंखवाला रानगवा काढायचा असेल तर आधी पोळ्याला बैलांच्या रांगेत जाऊन उभी राहा. खांद्याचं वशिंड चालताना कुठल्या बाजूला कलतं ते बघ. पंख तिथून फुटायला हवेत.

अवांतर: मे महिन्यात नागपुरात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, घालणं म्हणजे शिक्षाच. ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं. मी कूलरसमोर पाट ठेवून बसतो, ओली हवा लागली की जरा सवड मिळते.

———

संत्रानगरी | सोमवार, रात्री ९.०१

मग तैलरंगांना आपला उन्हाळा सोयीचा. पंचेचाळीस डिग्रीत पाणी उडून तासाभरात खडखडीत!

———

जलरंग | सोमवार, रात्री ९.१२

नाही हो. तैलरंगात पाणी नसतंच. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उष्णतेने ते लवकर होतं हे खरं, पण तरी दिवस लागतात. आणि तोवर लूसोबत आलेली धूळ सगळी चित्रावर. मी ओलं चित्र भिंतीकडे तोंड करून, जरा तिरपं ठेवतो.

———

तर्रीवाला | सोमवार, रात्री ९.१५

कूलरचा विषय निघालाच हाय तर सांगा, ताट्या दरवर्षी बदलवाव्या का?

———

महालकर | सोमवार, रात्री ९.३०

दरवर्षी. खसच्या घ्या. आता धागा परत चित्रावर येऊ द्या.

———

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५५

पळसफूलताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी हेच काम करतो आणि नागपुरातच राहतो. मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या खेळांसाठी पात्रं, किल्ले, प्राणी, शस्त्रं काढतो. काम बाहेरगावचं आणि परदेशातलं. घर मानेवाड्याला.

पोट भरतं. पण पहिली तीन वर्षं नाही भरलं. त्या काळात मी लग्नाच्या स्टेजचे पडदे रंगवले, दुकानांचे फ्लेक्स जुळवले, दहावीच्या मुलांच्या प्रयोगवह्यांतल्या आकृत्या काढून दिल्या. रात्री स्वतःची चित्रं. बाबा रोज विचारायचे, आणि ते बरोबरच होतं, घरात कमावणारे ते एकटे होते. चौथ्या वर्षी पहिलं नियमित काम मिळालं ते एका चित्रामुळे, आणि त्यात ड्रॅगन नव्हता. इतवारीतला मसाल्याचा बाजार मी पाण्याखाली बुडालेला काढला होता. मिरच्यांची पोती, वरून मासे चाललेले. काम देणाऱ्याने विचारलं, ही जागा खरी आहे का? परदेशी किल्ले काढणारे हजारो आहेत. इतवारी काढणारा त्यांना एकच सापडला.

आता दुखरी गोष्ट. सुरुवातीला एका प्रकाशनासाठी मी तैलरंगात एक मुखपृष्ठ केलं होतं. नाव घेत नाही. अडीच बाय दोन फूट, अकरा दिवसांचं काम. मूळ चित्र परत मागायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांनी सहज गेलो तर ते जिन्याखाली होतं. कॅनव्हासला मधोमध घडी पडली होती आणि घडीवरचा रंग उडाला होता. घरी नेतो म्हटलं तर म्हणाले, विचारून सांगतो. पुढच्या खेपेला ते तिथे नव्हतं. माझ्याकडे त्याचा मोबाइलवर काढलेला एक अंधुक फोटो आहे. राजकन्येचा हात त्यात नीट दिसतही नाही. त्या हातावर मी दोन दिवस घालवले होते.

ताई, तुमच्या भाचीला अडून बसू द्या.

———

निशिगंध | मंगळवार, सकाळी ६.४५

रात्रपाळी, वाचून जीव कळवळला. तो फोटो जपून ठेवा. जमलं तर ते चित्र पुन्हा काढा, आज हात आणखी तयार असेल.

———

कोर्टरोड | मंगळवार, सकाळी १०.२०

वकिली करते, म्हणून ह्या मुद्द्यावर लिहायलाच हवं. लोक दोन गोष्टी एकत्र करतात. कागद किंवा कॅनव्हास ही वस्तू एक, आणि त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट वेगळा. चित्र दिलं म्हणून कॉपीराइट जात नाही आणि कॉपीराइट दिला म्हणून चित्र जात नाही.

साधारणपणे काढणारा तोच कॉपीराइटचा पहिला मालक. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाचा. कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा ठरतो. म्हणजे गप्प बसण्यात चित्रकाराचं नुकसान आहे. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचंही तसंच, वेगळा करार नसेल तर मालकाचं. चांदोबावालींनी पगारी चित्रकाराबद्दल लिहिलं ते ह्याच्याशी जोडून बघा, फक्त मासिकाच्या नोकरीत मालकाचा हक्क मासिकात छापण्यापुरताच असतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी लिहून घ्यायचं. मोठा करारनामा लागत नाही, दोघांच्या सह्यांचं एक पान पुरे. मी मुलीच्या जागी असते तर हे लिहिलं असतं: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. अमुक वर्षीच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकदा छापण्याची परवानगी देत आहे. मूळ चित्र छपाईनंतर तीस दिवसांत जसंच्या तसं परत मिळावं. अंकात चित्रकाराचं नाव छापावं.

कॉपीराइट द्यायचाच झाला तर किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी तेही लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि कॉपीराइट देऊन टाकला तरी कलम ५७ खाली आपलं नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो.

ह्यात भांडण काही नाही. नम्रपणे मागितलं तर बरेच जण देतात. आजवर कोणी मागितलंच नाही म्हणून त्यांनाही सवय नसते.

———

फुटाळाकाठ | मंगळवार, दुपारी १२.१०

माहिती उत्तम, पण आता यंत्राला चार शब्द सांगितले की फ्राझेटाच्या धाटणीचं चित्र दोन मिनिटांत तयार होतं. दहा वर्षांनी हे काम राहील का? मला भावाची काळजी पटते.

———

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२.४०

काळजी मलाही आहे. माझं थोडं काम त्यामुळे गेलंय, खोटं कशाला सांगू. स्वस्तात भरताड चित्रं लागायची ती आता माणसाकडून कोणी घेत नाही. पण बुडालेल्या इतवारीसारखं काम अजून माझ्याकडेच येतं. इतवारीत मिरचीचं पोतं फुटलं की सगळी आळी एकदम खोकते, हे तिथे उभं राहिलेल्यालाच माहीत असतं.

———

जुनाबाजार | मंगळवार, दुपारी ३.१५

फ्राझेटाच्या शेवटच्या वर्षांबद्दल लिहायचं राहिलं होतं. त्याला आधी थायरॉइडने बरीच वर्षं छळलं, मग पक्षाघाताचे झटके आले. उजवा हात, ज्याने हे सगळं काढलं तो, नीट चालेना. साठी उलटलेली. त्याने डाव्या हाताने चित्रं काढायला सुरुवात केली, आणि शिकलाही. पेनसिल्व्हेनियात राहत्या जागेच्या आवारातच त्याच्या चित्रांचं संग्रहालय झालं, तेही एलीने उभं केलेलं. २००९ च्या जुलैत एली गेली, १० मे २०१० ला तो गेला.

डाव्या हाताची ती चित्रं मी पाहिली आहेत. रेघ थरथरते. पण भार कुठल्या पायावर आहे ते अजून बरोबर आहे.

———

महालकर | मंगळवार, दुपारी ४.०० 

आमच्या त्या म्हाताऱ्या मूर्तिकारांचा हात शेवटी कापायचा. नातू मनगट धरायचा आणि आखणी तेच करायचे. तुमचं वाचून आठवलं.

———

पळसफूल | बुधवार, रात्री १०.३०

दोन दिवस लिहिलं नाही, पण धागा घरात मोठ्याने वाचला. भावासमोर, भाचीसमोर. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी माझी चूक. "देऊन टाक, दुसरं काढशील" हे मी म्हटलं होतं. रात्रपाळीच्या चित्राची घडी वाचल्यावर मी ते शब्द परत घेतले, तिच्यासमोर.

कोर्टरोडताईंनी सांगितलं तसं एक पान लिहून तिने दिवाळी अंकवाल्यांना पाठवलं. काल संध्याकाळी फोन आला. कॉपीराइट आणि नाव, दोन्हीला हो म्हणाले. मूळ चित्र परत द्यायलाही तयार झाले. फक्त तीस दिवसांऐवजी दोन महिने मागितले, स्कॅनिंग बाहेर होतं म्हणून. ती कबूल झाली.

चित्राचा कच्चा आराखडा तयार आहे. एक मुलगी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर बसून रात्री फुटाळ्यावरून चालली आहे. बैलाची चाकं तशीच ठेवली आहेत आणि चाकांना चिखल लागलेला आहे. निशिगंध, मुलगी पूर्ण कपड्यांत आहे, गुडघ्याला खरचटलेलं आहे आणि लगाम तिच्याच हातात आहे. खाली पाण्यातून एक राक्षस तोंड वर करून बघतो. महालकर काका, त्याचं नाक माझ्या भावाचं आहे. त्याच्या लक्षात आलं, तो काही बोलला नाही, पण आरशात बघून आला.

आज सकाळी ती आमच्या आजोबांचा लाकडी बैल माळ्यावरून काढून घेऊन बसली होती. एक चाक निखळलेलं आहे. भावाने ते ऑफिसला जायच्या आधी बसवून दिलं, बैल वजनाने कसा टेकतो ते तिला दिसावं म्हणून. ए.टी.डी.चा अर्जही ती भरणार आहे, ते तिने स्वतःच ठरवलं. रात्रपाळीची तीन वर्षं तिने नीट ऐकली.

आणि जेवताना भाऊ म्हणाला, चित्र परत येणार तर लावायचं कुठे? बैठकीत, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर खिळा ठोकतो म्हणाला.

———

तर्रीवाला | बुधवार, रात्री १०.४१

हाव न ताई! अंक आला की इथं फोटो टाकजा. मी दोन घेतो.

———

जलरंग | बुधवार, रात्री १०.५८

ताई, सोफ्याची भिंत खिडकीसमोर आहे का? दुपारचं ऊन थेट पडत असेल तर तिथे नको. जलरंग असेल तर रंग फिके पडतील. आतल्या पॅसेजमध्ये लावा, आणि काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला.